मीटर टाकायचा की नाही?

आपल्या पिंपरी-चिंचवडचं आणि ‘मीटर’ या वस्तूचं काय वाकडं आहे कोण जाणे! चिंचवड स्टेशनला उतरा आणि रिक्षावाल्या काकांना कॉलेजचं नाव सांगा. काका आधी तुमच्या बॅगेकडे बघतात, मग आभाळाकडे, मग घड्याळाकडे आणि मग एक आकडा सांगतात. मीटर बिचारा गप्प बसलेला असतो. फायनल इयरच्या मुलांना खरा आकडा माहीत असतो, त्यामुळे ते हसत हसत निम्म्यात येतात. फर्स्ट इयरचं पोरगं मात्र लातूरहून नाहीतर सोलापूरहून रात्रभर प्रवास करून, गादीची वळकटी घेऊन आलेलं असतं. ते काका म्हणतील तेवढे देतं.

लेख रिक्षाबद्दल नाही, फोटोग्राफीबद्दल आहे. पण ही रिक्षा लक्षात ठेवा, कारण माझं म्हणणं थोडंफार तेच आहे. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!)

झालंय असं की आपल्या फोटोग्राफी क्लबने या टर्मपासून एक नियम काढलाय. क्लबचा फिल्म कॅमेरा नव्या मेंबरला मिळेल, पण मीटरशिवाय. हा कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के-१०००. पूर्ण मेकॅनिकल! त्यात बटणाएवढा एक सेल लागतो, तोही फक्त लाइट मीटरसाठी. सेल काढला तरी शटर चालूच राहतं. सीनियर्सनी तो सेल काढून कपाटात ठेवलाय. मोबाइलवरचं मीटरचं ॲपसुद्धा वापरायचं नाही म्हणे. का? तर ‘आधी नजर तयार होऊ दे.’ जुने उस्ताद फोटोग्राफर नुसतं आभाळाकडे बघून एक्स्पोजर सांगायचे, मीटरने माणूस आळशी होतो, वगैरे वगैरे.

ऐकायला फार भारी वाटतं. मला मात्र हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायचंय. आज फिल्मचा रोल किती महाग झालाय ते सगळ्यांना माहीत आहे. एका रोलमध्ये ३६ फोटो. तो धुवायचा आणि स्कॅन करायचा खर्च धरला तर मेसचे किती दिवस निघतील याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. म्हणजे प्रश्न हौसेचा असला तरी पैसे खरे आहेत.

आधी त्या ‘नजरे’बद्दल. उस्तादांच्या नजरेचं गुपित म्हणजे ‘सनी सिक्स्टीन’. कडक ऊन असेल तर ॲपर्चर एफ १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या स्पीडएवढं. फिल्म २०० ची असेल तर १/२५०. ऊन धुरकट असेल आणि सावलीची कडा मऊ दिसत असेल तर एफ ११. आभाळ पांढरं आहे, सावली पडतच नाही, तर एफ ८. दाट ढग किंवा इमारतीची मोकळी सावली असेल तर एफ ५.६. एक एक पायरी म्हणजे एक ‘स्टॉप’, म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट. बस्स, एवढंच! हा तक्ता कोडॅकसारख्या कंपन्या फिल्मच्या खोक्यातच छापून द्यायच्या, सूर्य आणि ढगांच्या छोट्या चित्रांसकट. आमच्या ओळखीचे एक स्टुडिओवाले काका आहेत, त्यांनी लग्नांमध्ये हजारो फोटो काढलेत. त्यांना मी विचारलं, की काका, तुम्ही उजेड नजरेने कसा ओळखायचात? ते म्हणाले, ‘उजेड कोण ओळखतो? मी सावली बघायचो, आणि खोक्यावरचं पाठ होतं.’

यातच सगळं आलं. काका उजेड मोजत नव्हते. ते परिस्थिती ओळखत होते आणि तिच्यासमोरचा आकडा आठवत होते. तो आकडा कुणीतरी आधी मोजून ठेवलेला होता. सूर्य एकच आहे, स्वच्छ दुपारी तो आकुर्डीतही तेवढाच आणि अमेरिकेतही जवळजवळ तेवढाच, म्हणून तक्ता चालतो. थर्मोच्या पेपरला आपण स्टीम टेबल वापरतो तसंच हे. स्टीम टेबल पाठ असलेल्या माणसाला आपण ‘याची नजर तयार आहे’ असं म्हणतो का?

दुसरी गंमत निगेटिव्हची. कलर निगेटिव्ह फार क्षमाशील असते. दोन स्टॉप जास्त उजेड पडला तरी फोटो येतो, एक कमी पडला तरी बरा येतो. वर लॅबमधलं प्रिंटिंगचं मशीन प्रत्येक फोटो आपोआप सुधारून द्यायचं. म्हणजे ‘काकांचा एकही फोटो चुकायचा नाही’ यातला थोडा वाटा काकांचा, थोडा फिल्मचा आणि थोडा लॅबवाल्याचा होता. स्लाइड फिल्मवर अर्धा-पाऊण स्टॉप इकडचा तिकडे झाला की लगेच दिसतं, आणि तिथे भलेभले उस्ताद मीटर काढायचे.

आता डोळा प्रत्यक्ष उजेड मोजायला बसला तर काय होतं ते बघा. भर दुपारी आपल्या ग्राउंडवर साधारण १,००,००० लक्स उजेड असतो. तिथून चार पावलं चालून वर्कशॉपच्या शेडमध्ये या. तिथे ४०० लक्स मिळाले तरी खूप. म्हणजे उजेड अडीचशे पट कमी झाला, जवळजवळ आठ स्टॉप! पण डोळ्याला काय वाटतं? ‘जरा अंधारलंय,’ एवढंच. दोन मिनिटांत तेही वाटेनासं होतं. डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट, हे झाले चार स्टॉप. उरलेलं काम आतला पडदा करतो. डोळ्याचं कामच मुळी उजेडातला फरक आपल्याला जाणवू न देणं हे आहे. नाहीतर आपण शेडमध्ये शिरताना रोज लेथवर आपटलो असतो. ज्या यंत्राचं झीरो सेटिंग आपोआप सरकतं त्याने रीडिंग घेतलं तर जर्नलवर सही मिळेल का?

म्हणजे डोळा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. डोळ्याला एक काम अफाट जमतं, ते म्हणजे दोन उजेड शेजारी शेजारी ठेवले की सारखे आहेत की नाहीत हे सांगणं. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण ऑप्टिकल पायरोमीटर शिकतो तो आठवा. (व्हायव्हाला हमखास विचारतात.) भट्टीच्या उजेडासमोर एका दिव्याची तार दिसते. करंट कमी-जास्त करत जायचं. तार भट्टीपेक्षा काळी दिसली तर कमी, झगझगीत दिसली तर जास्त, आणि नेमकी जुळली की तार दिसेनाशी होते. मग मीटरवरचं तापमान वाचायचं. निर्णय डोळ्याचा आणि आकडा यंत्राचा.

फोटोग्राफीतले सुरुवातीचे मीटरही असेच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये वॉटकिन्सचा मीटर मिळायचा. त्यात एक कागदाची पट्टी उजेडात धरायची. ती काळी होत होत शेजारच्या छापील रंगाशी जुळेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे आणि त्यावरून एक्स्पोजर काढायचं. विजेच्या काट्याचे, सेलेनियमच्या सेलवर चालणारे मीटर १९३० नंतर आले. म्हणजे ‘नजर विरुद्ध मीटर’ हे भांडण मुळात नंतरचं आहे. पहिल्या मीटरांच्या आत डोळाच बसवलेला होता!

बरं, मीटर तरी फार शहाणा आहे का? छे! मीटरला आपण कशाचा फोटो काढतोय हे कळत नाही. त्याची समजूत एकच, की जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची आहे, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी. काळी म्हैस दाखवा, तो तिला करडी करायला बघतो. पांढरी भिंत दाखवा, तीही करडी.

याचं आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तुकोबांची पालखी. देहूहून निघून निगडीवरून ती आकुर्डीला मुक्कामाला येते. रस्ताभर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि वर जून-जुलैचं पांढुरकं आभाळ. या सगळ्या पांढऱ्यावर मीटर धरला तर तो म्हणणार, ‘बापरे, केवढा उजेड!’ आणि उजेड कापणार. धोतरं राखाडी येतात आणि उन्हात रापलेले वारकऱ्यांचे चेहरे टोपीखाली काळेच होऊन जातात. ज्यांच्यासाठी फोटो काढला तेच दिसत नाहीत. इथे मीटरच्या आकड्याला दीड-दोन स्टॉप वाढवून द्यावे लागतात, आणि ते वाढवायचे हे फक्त बघणाऱ्याला कळतं. किंवा सोपं म्हणजे आपला तळहात त्याच उजेडात धरायचा, त्यावर रीडिंग घ्यायचं आणि एक स्टॉप जास्त द्यायचा. चाकणकडे नाशिक हायवेला नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर उभे असतात, तिथेही हेच. बहुतेक गाड्या पांढऱ्या आणि त्यांच्या काचांवर सूर्य! चाकणच्या बाजारात कांद्याच्या पिवळ्या-तांबूस ढिगावर मात्र मीटर बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. कांदा त्याच्या आवडीचा दिसतो!

मग ‘नजरेवर काढलेल्या’ थोर फोटोंचं काय? क्लबमध्ये हमखास एक गोष्ट सांगितली जाते, ॲन्सल ॲडम्सची. १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या गावाजवळ त्यांना संध्याकाळचा चंद्र आणि खाली स्मशानातले उजळलेले क्रॉस दिसले. गाडी थांबवून कॅमेरा लावला, पण मीटर सापडेना! ऊन जात होतं. त्यांनी मीटरशिवाय एक्स्पोजर ठरवलं, एकच फोटो मिळाला आणि तो जगप्रसिद्ध झाला. बघा, नजर!

पण गोष्ट इथे अर्धीच सांगितली जाते. ॲडम्सना चंद्राची प्रखरता माहीत होती, २५० कँडल प्रति चौरस फूट. तो आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी उभ्या उभ्या हिशोब केला. म्हणजे मीटर सापडला नाही तेव्हा कामाला आला तो मोजलेला आकडाच. एवढं करूनही निगेटिव्हमध्ये खालचा भाग पातळ राहिला आणि काही वर्षांनी त्यावर रसायनाने पुन्हा काम करावं लागलं. हा माणूस आयुष्यभर मोजत आला होता, म्हणून एक दिवस न मोजता निभावलं.

मला या विषयातलं सगळ्यात पटलेलं उत्तर कुठल्या फोटोग्राफरकडून मिळालं नाही. ते मिळालं सेकंड इयरच्या इंडस्ट्रिअल व्हिजिटला, आपल्याच एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत. तिथे भट्टीवर एक मामा होते, निवृत्तीला आलेले. वितळलेलं बीड ओतायच्या आधी तापमान बघतात. लांब दांड्याच्या टोकाला थर्मोकपल असतं, ते धातूत बुडवलं की भिंतीवरच्या डिस्प्लेवर आकडा येतो. मामा दांडा बुडवायच्या आधी निळ्या काचेतून भट्टीत बघायचे आणि पुटपुटायचे, ‘चौदाशे वीस.’ मग डिस्प्लेकडे नजर. आकडा जवळपास तोच! आमची सगळी बॅच टाळ्या वाजवायला लागली. सर म्हणाले, ‘बघा, याला म्हणतात अनुभव.’

मी मामांना विचारलं, की तुम्हाला कळतंच तर दांडा कशाला बुडवता? ते माझ्याकडे असे बघायला लागले की ही पोरगी इंजिनिअर होणार आहे का नक्की! मग म्हणाले, ‘ताई, बुडवतो म्हणून तर कळतं. रोज आधी बोलायचं, मग बघायचं. पंधरा दिवस सुट्टीवर गेलो की पुन्हा वीस-तीसचा फरक पडतो.’

आधी बोलायचं, मग बघायचं. बंद लूप आणि उघडा लूप यांतला फरक कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकाने मला एवढा नीट समजावलेला नाही. मामांची नजर थर्मोकपलने घडवलेली आहे, आणि थर्मोकपलचं टोक खराब होऊन चुकीचा आकडा आला तर तो पकडणारी नजरही मामांचीच. आपल्या क्लबमध्ये मात्र सेल काढून घेतल्यामुळे नुसतं ‘बोलायचं’ उरलंय. ‘बघायचं’ कधी? रोल संपून, धुऊन, स्कॅन होऊन आल्यावर. म्हणजे तीन-चार आठवड्यांनी. तोपर्यंत सतराव्या फोटोला ढग होता की ऊन, हे कोणाच्या लक्षात राहतं? आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीचा पहिला रोल असाच आला. ३६ पैकी नऊ फोटो चांगले. ते नऊ का चांगले आले हे तिला सांगता येईना, आणि सीनियर्सनाही सांगता येईना. ते एवढंच म्हणाले, ‘हळूहळू नजर बसेल.’ तिने दुसरा रोल घेतलाच नाही. तिच्या घरून येणाऱ्या पैशांत दुसरा रोल बसत नाही.

इथे मला पुन्हा ती रिक्षा आठवते. मीटर बंद असला की फायदा कोणाचा होतो? ज्याला आधीच आकडा माहीत आहे त्याचा. ज्यांच्या घरी वडिलांचा कॅमेरा होता, ज्यांनी शाळेतच दहा-बारा रोल उडवले, त्यांना मीटर नको हे म्हणणं परवडतं. नव्या माणसाला त्याच्या अनुभवाची भरपाई म्हणून मीटर मिळतो. तो काढून घेतला की उरते ती गुरूची मर्जी.

आणि आम्हा मुलींचं तर आणखी एक गणित आहे. नजर बसवायला वेळ लागतो, मान्य. पण हा वेळ सगळ्यांना सारखा मिळतो का? फोटोसाठी सगळ्यात सुंदर आणि एक्स्पोजरसाठी सगळ्यात फसवा उजेड संध्याकाळचा. सूर्य टेकला की काही मिनिटांत एक एक स्टॉप उतरत जातो आणि डोळ्याला पत्ता लागत नाही. नेमकं तेव्हाच लेडीज हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ झालेली असते! मुलं रात्री नऊपर्यंत निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात ‘नजर तयार’ करू शकतात. आम्हाला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत मला अंदाज नकोय, आकडा हवाय.

तसं बघितलं तर या ‘उस्तादां’च्या यादीत बायका दिसत नाहीत, पण त्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तेव्हा विजेचे मीटर नव्हतेच, सगळं काम सूर्यावर. दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, आणि शूटिंगच्या वेळी पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहायच्या असं सांगतात. चादर कुठल्या कोनात धरली की चेहऱ्यावर किती उजेड पडतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल? होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. नजर कोणाकडे आहे हे ठरवणारेही शेवटी कोणाच्या तरी नजरेनेच ठरवत असतात, एवढंच मला म्हणायचंय.

सीनियर्सचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते. मीटर हातात आला की काही जण समोर बघायचंच सोडतात. काटा मध्यावर आला की क्लिक! पालखीतली राखाडी धोतरं अशीच येतात. यावर सेल कपाटात ठेवणं हा उपाय नाही. मामांचा उपाय आहे. क्लबच्या कॅमेऱ्याबरोबर एक वही ठेवू. फोटो काढायच्या आधी पेनने आपला अंदाज लिहायचा. मग मीटर बघायचा, तो आकडा शेजारी लिहायचा. मग शेवटी कशावर फोटो काढला आणि का, ते चार शब्दांत. ‘सगळं पांढरं, म्हणून दोन स्टॉप जास्त.’ रोल धुऊन आला की चौथा कॉलम भरायचा. बारा मेंबरांची एक टर्मभराची वही झाली की पुढच्या वर्षीच्या फर्स्ट इयरला आपल्या शेडचा, आपल्या ग्राउंडचा, आपल्या जूनच्या आभाळाचा तक्ता आयता मिळेल, खोक्यावरच्या तक्त्यासारखा.

आता स्टाफसाठी एक विनंती. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये एक लक्समीटर आहे. टर्ममध्ये एका प्रॅक्टिकलला बाहेर येतो आणि मग कपाटात जातो. तो आम्हाला शनिवारी मिळावा. गणित सोपं आहे: लक्सला फिल्मच्या स्पीडने गुणा, साधारण २५० ने भागा, म्हणजे ॲपर्चरचा वर्ग भागिले शटरचा वेळ हे उत्तर मिळतं. १,००,००० लक्स आणि २०० ची फिल्म घेऊन करून बघा, ८०,००० येतात. एफ १६ चा वर्ग २५६, म्हणजे शटर सुमारे १/३१२. कॅमेऱ्यावरचा जवळचा आकडा १/२५०. सनी सिक्स्टीन कुठून आला ते फर्स्ट इयरलाही कळेल.

अर्ज लिहून तयार आहे. लक्समीटर, पेंटॅक्सचा सेल आणि पालखीच्या दिवशी लेडीज हॉस्टेलच्या गेटला एक तासाची सूट, असं तिन्ही एकाच अर्जात घातलंय. सही एचओडी सरांची लागते की रेक्टर मॅडमची, तेवढं कोणीतरी सांगा.